चिंध्यादेवाचा फाटा

चंद्रभानला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी जाणकार म्हटलं होतं. आता असं कुणी म्हटलं की माणसानं जरा जपून राहावं, पण एवढी अक्कल कुणाला वेळेवर सुचली आहे?

जाणकार म्हणणारे होते परमेश्वर सर, सेलूच्या कॉलेजातले खेळाचे शिक्षक. त्यांनी सायकलवाल्यांची फेरी काढली होती. सेलूहून निघायचं, जिंतूरचे डोंगर चढायचे आणि सागाच्या रानातून, पूर्णेच्या काठानं येलदरीला उतरायचं. शेवटचा रानातला तुकडा फाट्याफाट्यांचा. तिथं खुणा करायला सरांनी चंद्रभानच्या हातात नारिंगी फितींचं बंडल दिलं.

"ज्या बाजूच्या झाडाला फीत, त्या बाजूला वळायचं. पोरांना एवढंच सांगितलंय," सर म्हणाले.

त्या पोरांत चंद्रभानची ज्ञानेश्वरी होती. नवरा-बायको वर्षानुवर्षं ऊसतोडीला जायचे, म्हणून लेक चुडाव्याला मामाकडं वाढली. मग कोयता सुटला, चंद्रभान धरणावर मासेमारीला लागला आणि येलदरीजवळ दोघांनी घर केलं, तोवर पोरगी सेलूला कॉलेजात गेली होती. सुट्टीत चार दिवस यायची तेवढीच. आता ती सरांच्या सायकलवर, डोक्यात हेल्मेट घालून, आईबापाच्या दारात येणार होती. चंद्रभानचं हे अख्ख्या गावाला सांगून झालं होतं, काहींना दोनदा.

दैवशालाला मात्र घोर लागला होता. "घाट हाय, गाड्या हायत. पोरगी दोन चाकावर यायलीय, अन् तुमाला हसू यायलंय?"

"अगं, फिती मीच बांधायलोय की! बाप वाट दाखवायलाय म्हणल्यावर लेक चुकंल का?"

फिती त्यानं आदल्या दिवशी बांधल्या, आणि चोख बांधल्या. शेवटचा फाटा चिंध्यादेवाचा. डावीकडं डांबरी रस्ता वळसा घालून धरणाकडं जातो. उजवीकडचा जुना रस्ता धरण व्हायच्या आधीचा. तो तीव्र उतारानं सरळ पाण्यात जातो, कारण पुढचा पूल आणि पुलापलीकडचं गाव केव्हाच बुडालं. चंद्रभान आणि बाकीचे मासेमार रोज त्याच रस्त्यानं होड्यांकडं उतरायचे. रोजच्या पायाखालच्या वाटेची कुणाला भीती वाटते? चार बाभळीच्या काट्या तोंडाशी आडव्या टाकाव्यात, हे त्याच्या मनातही आलं नाही. त्यानं डावीकडच्या सागाला फीत बांधली आणि तो घरी गेला.

जुन्या रस्त्याच्या तोंडाशी, उजव्या हाताला, हिवराचं झाड आहे. बुंध्याशी शेंदूर फासलेला धोंडा, तोच चिंध्यादेव. प्रवासाला निघालेल्या माणसासाठी नवस बोलायचा आणि त्याच्याच कपड्याची चिंधी फाडून फांदीला बांधायची. माणूस सुखरूप घरी आला की जिनं बांधली तिनंच सोडायची. दुसऱ्या कुणी हात लावला तर नवस मोडतो, आणि ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर उलटतो. त्यामुळं गुरं राखणारासुद्धा त्या चिंध्यांना शिवत नाही. उन्हापावसानं विटून त्या सगळ्या मातीच्या रंगाच्या झालेल्या असतात.

फेरीच्या सकाळी चंद्रभान पाण्याचे जार घेऊन धरणाकडं गेला. तो गेल्यावर दैवशालानं अंघोळ केली, पेटीतून ज्ञानेश्वरीची ओढणी काढली, एक पट्टी फाडली आणि ती फाट्याला गेली. ओढणी नारिंगी होती. फितीकडं तिचं लक्षही गेलं नाही. तिनं देवाला हात जोडले, लेकीच्या नावानं हिवराला चिंधी बांधली आणि हलक्या मनानं घरी येऊन पोळ्या लाटायला बसली.

पौषातलं धुकं धरणावरून रानात चढलं होतं. पुढं निकिता आणि भारत नावाची दोन सेलूची पोरं होती. धुक्यात त्यांना उजवीकडचं नारिंगी तेवढं दिसलं आणि ती उताराला लागली. मागून येणाऱ्या ज्ञानेश्वरीला फाटा ठाऊक होता. ती ओरडत त्यांच्यामागं गेली. तिच्या हाका ऐकून दोघांनी ब्रेक दाबले, पडली, खरचटली, वाचली. तिला मात्र सायकल आवरली नाही. उतार दवानं निसरडा झालेला. ती त्यांच्या बाजूनं घसरत थेट पाण्यात गेली, जिथं जुन्या पुलाचा कठडा पाण्याखाली जातो तिथं. बापाचं अर्धं आयुष्य उसाच्या फडात गेलं आणि उरलेलं पाण्यावर, पण लेकीला पोहायला शिकवायचं राहून गेलं होतं.

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या चंद्रभाननंच तिला वर काढलं. दुसरं कोण काढणार होतं?

काठावर माणसं जमली. निकिता एकच सांगत होती, "फीत उजवीकडं होती काका. आईशप्पथ, उजवीकडंच होती."

ओल्या कपड्यांनी चंद्रभान चढ चढून एकटाच फाट्यावर आला. डावीकडच्या सागाला त्याची फीत जशीच्या तशी होती. हिवराकडं पाहिलं आणि त्याला ओढणी ओळखू आली. ती ओढणी त्यानंच जिंतूरच्या बाजारातून आणली होती. दैवशालाची गाठही ओळखू आली; मोळीला मारायची ती दुहेरी गाठ, पुन्हा पुन्हा आवळलेली.

हे तिला कळलं तर ती जगणार नाही, एवढं त्याला लख्ख कळलं. त्यानं दातांनी ती गाठ सोडली. सागावरची आपली फीत काढून हिवराला बांधली आणि चिंधी खिशात घातली. मग खाली येऊन सरांना, पोलिसांना, सगळ्यांना सांगितलं, "माझीच चूक झाली. फीत उलट्या बाजूला बांधली मी."

संध्याकाळी चितेवर लाकडं रचताना त्यानं ती पट्टी हळूच आत सारली.

लोकांनी त्याला काही म्हणायचं बाकी ठेवलं नाही. मेहुण्यानं तर तोंडावर थुंकायचं तेवढं ठेवलं. दैवशाला मात्र एका शब्दानं बोलली नाही. उलट दिवस घालत असताना एकदा जवळ येऊन बसली आणि म्हणाली, "माणूस हाय, चुकतं. तुमी का मुद्दाम केलंत? देवाला तर मी सांगितलं हुतं ना? त्याला नीट ठाऊक हुतं." तिनं देवघरातला दिवा लावायचं बंद केलं होतं. तिचा राग सगळा देवावर होता. चंद्रभान त्या रागाच्या आडोशाला जगत होता आणि त्याला स्वतःची शिसारी येत होती.

तेराव्यानंतर ती उठली. "माझी चिंधी सोडून त्या धोंड्याच्या तोंडावर मारून येते," म्हणाली. चंद्रभान उठून तिला अडवणार तोवर ती गेलीसुद्धा.

ती परत आली तेव्हा तो ओसरीवर जाळं विणत बसला होता. ती दारात उभी राहिली.

"तिथं सगळ्यांच्या चिंध्या हायत. माझी न्हाई. कुणी सोडली?"

जाळ्यातली सुई थांबली. वाऱ्यानं गेली असंल म्हणावं, पण ती गाठ वाऱ्यानं सुटणारी नव्हती, आणि ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"मी सोडली," तो म्हणाला.

"कवा?"

नंतर, असं म्हटलं तर ती विचारणार, नंतर कशाला? ती अडाणी होती, खुळी नव्हती. नारिंगी ओढणी, नारिंगी फीत. दोन्ही जुळवायला तिला घटकाही लागली नसती. चंद्रभाननं तिच्या तोंडाकडं पाहिलं. लेकीच्या वळणाचंच तोंड होतं ते.

"त्याच सकाळी. पोरं यायच्या आधी. फिती नीट हायत का बघायला गेलतो, तवा."

"माझी हाय हे ठाऊक हुतं?"

"हुतं."

दैवशाला आत गेली, देवघरातला दिवा राखेनं घासला, वात घातली आणि पेटवला. दिव्यापुढं डोकं टेकून ती त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चुकलं माझं, देवा. तुला बोल लावला. तू न्हाई मारलंस माझ्या लेकीला."