क्लॅम्पचा दांडा

सकाळी दहा चाळीसला टबावरच्या जाळीतला शेवटचा बर्फ वितळला. अकराला वाचनालयाच्या ग्रंथपालबाई पडद्याचा नमुना बघायला येणार होत्या आणि पडदा अजून क्लॅम्पच्या शिकंज्यात आवळलेला. क्लॅम्प फिरवायचा दांडा सुतार नवऱ्याच्या खिशात, नवरा कामावर.

हे शहाणपण त्याच्या शिंपीण बायकोचंच. शिवणात हात बसलेला, पण स्वभाव उतावळा. आधीचे तीन नमुने तिने बर्फ वितळायच्या आत उघडले आणि रंगांचा चिखल केला. बारा पडद्यांचं काम मिळालं तर दुसऱ्याच्या दुकानात बाह्या जोडणं सुटणार होतं. म्हणून काल रात्री तिने उरलेलं एकमेव कापड धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलं, त्रिकोणी घड्या घालून दोन फळ्यांत धरलं आणि नवऱ्याकडून क्लॅम्पने आवळून घेतलं.

"आता दांडा तुमच्याच खिशात ठेवा. उद्या अकराच्या आत आणा. तोवर मी रडले तरी देऊ नका."

मग ते जाळीवर ठेवून वर बर्फ रचला आणि काळ्या रंगाची पूड भुरभुरली; बर्फ वितळेल तसा रंग घड्यांत झिरपणार होता.

"काळा?" नणंद म्हणाली होती. "वाचनालयात कोण गेलंय, वहिनी?"

आता तीच नणंद दारात उभी होती. "दादा विसरला बहुतेक."

"तुझा दादा माझा वाढदिवस विसरतो. दांडा नाही विसरायचा."

दहा बावन्नला सायकल वाजली. नवरा धापा टाकत आला, पाठोपाठ ग्रंथपालबाई. तिने नळाखाली फळ्या धरल्या, दांडा चार वेळा फिरवला आणि घडी सोडली.

काळा कुठेच नव्हता. निळा, जांभळा, कडेला लालसर; आणि फळ्यांनी दाबलेल्या जागी कात्रीने कापल्यासारखे पांढरेशुभ्र त्रिकोण.

"हे काळ्यातून निघालं?" नणंदेने न सांगता दोन टोकं धरली.

"काळ्याच्या पोटात हे सगळे रंग होतेच. या खेपेला त्यांना वेगवेगळं बाहेर यायला वेळ दिला."

पाणी निवळेपर्यंतचं धुणं बाईंनी उभं राहून पाहिलं. इस्त्री फिरल्यावर पडदा उजेडात धरला. "असेच अकरा जमतील?"

नवऱ्याने डोळ्यांनी 'हो म्हण' सांगितलं.

"असेच नाही. बर्फ दोनदा सारखा वितळत नाही. सख्ख्या बहिणी वाटतील, एवढं सांगते."

बाई पडदा घेऊन गेल्या. पाचला वाचनालयाची समिती पडद्यांचं ठरवायला बसली. सहाला नवऱ्याने सायकल मुद्दाम वाचनालयावरून घातली. निर्णय झालेला नव्हता. पडदा मात्र वाचनकक्षाच्या मधल्या खिडकीला लागला होता.