टपातून गळणारं रक्त

दहिवडीला प्रवाशांची सर्व्हिस मोटार थांबली, की माणसं तिच्या मागच्या खिडक्यांना लोंबकळायची. मोटारीच्या टपातून म्हणे रक्त गळत होतं! मागच्या बाकावर बसलेल्या बाईवर थेंब पडला, तर तिच्या नवऱ्यावर लढाईत घाला येणार. थेंब नाही पडला, तर तो सुखरूप. त्या वर्षी घरोघरचे गडी पलटणीत होते. बाया धास्तावून यायच्या आणि त्या बाकावर बसायच्या.

त्यावर उतारा सांगायला नाथाजी बुवा पुढं आकाराम ड्रायव्हरशेजारी बसलेला असायचाच. "देवीआईचा सांगावा हाय ह्यो! गळ्यातलं डोरलं काढून ह्या झोळीत टाका, आईच्या पायावर ठिवतो, गोळीची वाट वाकडी हुतीया!" गोळीची वाट वाकडी करणारा हा महापुरुष स्वतः मात्र भरतीचा साहेब गावात आला तेव्हा कडब्याच्या गंजीत दडून बसला होता.

एके दिवशी त्या बाकावर अंजना बसली. शेजारी सासू, साळूबाई. अंजनाचा नवरा हंबीरराव ब्रह्मदेशच्या आघाडीवर होता. मोटार चढाला लागली आणि टपाच्या कापडातून लाल थेंब अंजनाच्या कपाळावर पडला.

साळूबाईनं हंबरडा फोडला. मोटार थांबली.

"काढ डोरलं, पोरी," बुवा मागं वळून म्हणाला.

"काढ गं माझे बाई! माझं लेकरू वाचंल!" साळूबाई विनवू लागली.

अंजनानं डोरलं मुठीत घट्ट धरलं. "आवं आत्ती, मालक जित्तं हायती. ह्ये निघायचं न्हाई."

"मग मरंल त्यो!" बुवा गरजला.

पुढच्या बाकावरची तानूबाई हळूच म्हणाली, "मी दिलं हुतं. तरीबी तार आलीच."

"तुजी भक्ती कमी पडली," बुवा म्हणाला.

ते ऐकून अंजनाचं डोकंच फिरलं. तिनं कपाळावरचा थेंब बोटानं टिपला आणि जिभेला लावला. "रगत खारट लागतं. ह्यानं तर जीभ चरचरली. हळदीत चुना कालवलाय ह्यो!"

ती बाकावर उभी राहिली. टपाला आतून कापडाचं अस्तर ताणून बसवलेलं होतं आणि कडेनं लाकडी पट्ट्या ठोकल्या होत्या. तिनं पायाशी ठेवलेल्या पाटीतलं खुरपं काढून पट्टीखाली सारलं.

"ए, माझ्या गाडीला हात लावू नगंस!" आकाराम धावला.

तानूबाई पदर खोचून आडवी आली. "तिला हात लावून तर बघ!"

खिळे करकरले. एक पट्टी निघाली, मग दुसरी. मागचं सगळं अस्तर फाटत खाली आलं. वर पत्र्याला फुटबॉलातला रबरी फुगा बांधलेला होता. त्याच्या तोंडाला चिमटा, चिमट्याला सुतळी आणि ती सुतळी अस्तराच्या आतून थेट बुवाच्या हाताशी! अंजनानं सुतळी ओढली. लाल पाणी भळाभळा बाकावर सांडलं.

बुवानं दार गाठायच्या आत साळूबाईनं त्याची दाढी धरली. "माझ्या पोराच्या मरनाची भीती इकत हुतास व्हय रं?" बायांनी त्याची झोळी उपडी केली, तेव्हा डोरल्यांचा ढीग पडला. आपलं डोरलं ओळखून तानूबाई ते छातीशी धरून रडली.

पुढल्या उन्हाळ्यात हंबीरराव पडल्याची तार आली. गावात कुजबुज सुरू झाली, डोरलं दिलं असतं तर वाचला असता. अंजना पारावर जाऊन उभी राहिली. डोळे कोरडे होते.

"तानूबाईनं दिलं, तिचा गेला. मी न्हाई दिलं, माजाबी गेला. गोळीला डोरलं दिसत न्हाई. माजं दुक मी सोशीन, पर त्येचा बाजार कुनाला मांडू द्यायची न्हाई. वर काय दडलंय ते आदी उघडून बघा. मग हात जोडायचं का न्हाई, त्ये ठरवा."