झाकणावरचे दव

अस्माने काळ्या फोमचा तुकडा चिमट्यात धरून थर्मोकोलच्या पेटीतल्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवला आणि वर थर्मोकोलचेच पातळ झाकण ठेवले. नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यातून मागून आणला होता. तिथे तो बैलाचे वीर्य गोठवून ठेवायला लागतो. नवीन पनवेलच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधनाचा थाट पहिल्यापासून असाच, उसनवारीचा.

"मॅडम, उद्या भंगारवाला येणार. आज कशाला हा खटाटोप?" रेवाने विचारले. ती शेजारच्या विभागात शिकवायची आणि प्रयोगशाळा रिकामी करायला मदतीला आली होती.

"टाकण्याआधी एकदा चालवून बघते."

टेबलावरचा रिसीव्हर अस्माने विद्यार्थिनी असताना टिपणीस सरांच्या हाताखाली बांधला होता. आभाळातल्या थंड वायूच्या ढगांकडून मिलिमीटर लहरी येतात, पण इतक्या क्षीण की रिसीव्हरच स्वतः गोंगाट करू लागला तर त्या ऐकूच येत नाहीत. तो गोंगाट मोजायची रीत साधी. आधी त्याला खोलीइतका गरम फोम दाखवायचा, मग नायट्रोजनमध्ये बुडवलेला. मीटरचा काटा जितका जास्त घसरेल तितका रिसीव्हर शांत. तेव्हा काटा दरवेळी जरासा हलायचा आणि रुसून बसायचा.

अस्माने रिसीव्हरचा कर्णा, म्हणजे लहरी आत घेणारे तोंड, पेटीवर फिरवला. काटा घसरत गेला, आणखी घसरला, आणि तिने कागदावर कधीकाळी जो आकडा मांडला होता अगदी तिथे जाऊन थांबला.

तिने पुन्हा मोजले. काटा पुन्हा तिथेच.

मग तिचे लक्ष झाकणाकडे गेले. डिसेंबरची कोरडी हवा होती आणि झाकण कोरडे ठणठणीत होते. पूर्वी प्रकल्पाला पैसे देणारी समिती पाहणीला यायची ती ऑगस्टात, त्यामुळे मोजमापही भर पावसाळ्यात व्हायचे. खोलीतला एसी बंद, आणि झाकणाला नुसता घाम फुटलेला. हे झाकणही तिचेच डोके. मागून आणलेला नायट्रोजन उडून जाऊ नये म्हणून! थर्मोकोलमधून या लहरी आरपार जातात हे तिला पाठ होते, पाण्यातून जात नाहीत हेही पाठ होते. दोन्ही गोष्टी पाठ असून एकत्र कधी आठवल्या नाहीत. त्या दवाआडचा थंड फोम रिसीव्हरला कधी दिसलाच नव्हता. अतिशहाण्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

तिने रुमाल भिजवला, पिळला आणि झाकणावर पसरला. काटा वर आला आणि जुन्या ओळखीच्या जागी बसला.

"म्हणजे मशीन चांगलं होतं?" रेवा म्हणाली.

"पहिल्यापासून."

अस्मा स्टुलावर बसली. तिला फार वाईट वाटले, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला. समितीपुढे उभे राहून रचना फसली असे तिनेच सांगितले होते. सर म्हणत होते, थंडीत पुन्हा मोजू. "आकडे खोटं बोलत नाहीत, सर," असे ती सगळ्यांसमोर म्हणाली होती. प्रकल्प बंद झाला. ज्या दुर्बिणीवर हा बसायचा होता तिच्यासाठी परदेशातून दुसरा रिसीव्हर आला. पीएचडी अर्धवट टाकून ती बेलापूरला सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागली, आणि बऱ्याच वर्षांनी या कॉलेजात परतली ती फक्त शिकवायला.

संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली. सुनंदाकाकूंनी दार उघडले आणि तिचा चेहरा पाहून काही न विचारता चहा टाकायला आत गेल्या. अस्माने उभ्याउभ्याच सगळे सांगितले. झाकण, दव, ओला रुमाल.

सर दचकले नाहीत. हातातल्या वर्तमानपत्राची घडी करत राहिले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "तू सोडून गेलीस, त्याच जानेवारीत एकट्याने मोजून पाहिलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"अस्मा, बस आधी."

"इतकी वर्षं, सर! मला वाटत राहिलं की माझ्यात अक्कलच नव्हती. समितीकडे तरी जायचंत!"

"तुझा रिसीव्हर घेऊन मी एकटा गेलो असतो, तर लोकांच्या लक्षात काय राहिलं असतं? पोरगी चुकली, एवढंच. तुला घेऊनच जायचं होतं मला. म्हणून तर रिक्षा करून तुमच्या मोहल्ल्यात आलो होतो."

अस्माला आठवले. सर एकदा घरी आले होते खरे. अम्मीने तांदळाची वाफवलेली गोड सांदणे वाढली होती आणि सरांनी ती मुकाट्याने खाल्ली होती.

"तुला विचारलं, नोकरी कशी चाललीय," सर म्हणाले. "तू हसून म्हणालीस, सुटले सर एकदाची, आता शांत झोप लागते. मग काय बोलणार मी? म्हटलं, पोर सुखात आहे, कशाला तिच्या जिवाला घोर लावा?"

त्या सकाळी ती न्हाणीघरात रडली होती. मग दारात सर दिसले, खांदे पाडून उभे, एकदम म्हातारे झालेले.

"ते खरं नव्हतं, सर. तुम्ही इतके खचलेले दिसलात. आपल्यामुळे हिचं वाटोळं झालं असं तुम्हाला वाटू नये, म्हणून तसं म्हणाले मी."

सरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले. आत कपबशांचा आवाज होत होता.

"त्या दिवशी मी बोललो असतो," त्यांनी सावकाश विचारले, "तर परत आली असतीस?"

नसते आले, सर, नोकरी चांगली होती, हे वाक्य अगदी तिच्या ओठांवर आले. सरांचे वय झाले होते, आणि एवढ्या एका वाक्याने त्यांना बरे वाटले असते. तिने ते गिळले.

"त्याच रिक्षाने, सर," ती म्हणाली. "तुमच्याबरोबरच."