फोन माझ्या हँडलवर बसला तेव्हा

मित्रांनो, साउथहॅम्प्टनमधल्या एका विद्यार्थी-वसतिगृहाबाहेर, पत्र्याच्या छपराखाली पंचवीस-तीस सायकली उभ्या असतात. त्यांतली डावीकडून तिसरी, हिरव्या रंगाची, पुढे वेताची टोपली असलेली ती मी. मला जुनी म्हणालात तरी राग येणार नाही. माझा रंग दोनदा दिलेला आहे, घंटी तिसरी आहे आणि मागचं चाक तर मुळात दुसऱ्याच कुणाचं आहे. स्वभाव मात्र माझा स्वतःचा आहे, आणि तो फारसा चांगला नाही हे आधीच सांगून टाकते. मी मत्सरी आहे.

ही खोड मला कुठे लागली तेही सांगते. कारखान्यातून बाहेर पडल्यावर मी आधी एका नर्सबाईंकडे होते. अकरा वर्षं त्या माझ्यावरून घरोघरी रुग्णांना तपासायला जात. दर रविवारी जुन्या फडक्याने मला पुसत, साखळीला तेल देत. मग त्यांच्या मुलीला बाळ झालं, ते सांभाळायला बाईंनी नोकरी सोडली आणि शेडमध्ये माझ्यापुढे एक बाबागाडी येऊन उभी राहिली. निळी, गुबगुबीत, चार चाकांची. तिला रोज फिरायला मिळे आणि मी भिंतीला टेकून कोळ्यांची जाळी मोजत बसे. बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण त्या बाबागाडीचं एखादं तरी चाक निखळावं असं मला रोज वाटायचं.

पुढे बाईंनी मला विद्यापीठाच्या एका वर्कशॉपला देऊन टाकलं. तिथे विद्यार्थी जुन्या सायकली दुरुस्त करून नव्या विद्यार्थ्यांना वापरायला देतात. सप्टेंबरमध्ये तिथून मला चैत्राली घेऊन गेली.

चैत्राली पुण्याची. पर्यावरणशास्त्र शिकणारी, अठ्ठावीस वर्षांची, एका सेमिस्टरपुरती एक्सचेंजवर आलेली. वर्गातली बाकीची मुलं एकवीस-बावीसची. ती शुक्रवारी रात्री पबमध्ये जात, आणि चैत्राली खोलीवर जाऊन कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या फोटोकडे बघत बसे, हे तिच्याच बोलण्यातून मला कळलं. फोटोतली मुलगी तिची, चार वर्षांची मायरा. मायराला ती पुण्याला नवऱ्याजवळ, यतीनजवळ, ठेवून आली होती. घरात मोठी जाऊ स्वातीताई होती आणि तिची आठ वर्षांची कस्तुरी. "तू जा, चार महिने काय, हां हां म्हणता जातील," असं ताईच म्हणाली होती.

मला चैत्राली पहिल्या दिवसापासून आवडली. निघण्यापूर्वी ती दोन्ही ब्रेक तीन-तीनदा दाबून बघे. दिवा लागतो का, टायरमध्ये हवा आहे का, टोपलीचा पट्टा घट्ट आहे का, सगळं बघे. सकाळी नऊचं लेक्चर, मग लायब्ररी, संध्याकाळी सुपरमार्केट. पिवळं लेबल लावून स्वस्त केलेला पालक आणि ब्रेड माझ्या टोपलीतून घरी येई. सामायिक किचनमध्ये त्या पालकाचं काय होई ते मला माहीत नाही, पण तिची पोलिश फ्लॅटमेट मार्ता खाली आली की तिच्या स्वेटरला लसणीच्या फोडणीचा वास येत असे.

आणि दसऱ्याला काय झालं सांगू? चैत्राली सकाळी हळदकुंकवाची पुडी घेऊन खाली आली. झेंडू मिळाला नाही म्हणून तिने शेवंतीसारखी नारिंगी फुलं आणली होती. माझ्या हँडलला कुंकू लावलं, फुलं खोवली आणि चक्क हात जोडले. इतक्या वर्षांत मला कुणी नमस्कार केला नव्हता!

"वाढदिवस आहे का हिचा?" मार्ताने विचारलं.

"नाही गं. रोज मला चढावरून वर नेते ना, म्हणून थँक यू म्हणतेय."

मित्रांनो, त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. ही माझी आणि फक्त माझी, असं मी धरून चालले.

ऑक्टोबरच्या शेवटी दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे, मार्ताने तिला फोन अडकवायचा एक होल्डर दिला. चैत्रालीने तो माझ्या हँडलवर, जिथे कुंकू लावलं होतं तिथेच, स्क्रूने आवळला. आता ती चढावर मला हातात धरून चालायची आणि सगळं लक्ष त्या चकचकीत फोनकडे. रस्ता दाखवणारा तो, गाणी म्हणणारा तो आणि मायराला दाखवणाराही तोच. मी नुसती ओझं वाहायला.

दुसरी गोष्ट म्हणजे, दर हिवाळ्याआधी इथे करतात तशी, घड्याळं एक तास मागे गेली. तोपर्यंत तिचा शेवटचा तास तीनला सुटे. साडेतीनला ती माझ्याजवळ उभी राहून फोन लावी, कारण लायब्ररीत बोलायची सोय नाही. तेव्हा पुण्यात आठ वाजलेले असत. मायरा अंथरुणात असे, आणि आईकडून गोष्ट ऐकत ऐकत झोपून जाई. घड्याळं बदलली आणि पुण्याचे आठ इथे अडीचला वाजायला लागले. अडीचला चैत्रालीचं प्रॅक्टिकल चालू असे, आणि ते सुटेपर्यंत मायरा झोपलेली. ते चुकवणं शक्यच नव्हतं. मग ती सव्वा वाजता, जेवणाच्या सुट्टीत फोन करू लागली. पण ती मायराची खेळायची वेळ.

"मायरा, इकडे बघ ना. हे बघ, सायकलवर किती पानं पडलीत!"

"काल बघितली," मायरा म्हणे आणि पळून जाई.

गोष्ट सांगून झोपवायचं काम आता स्वातीताईकडे गेलं.

एकदा असाच फोन चालू होता. मायरा जेवायला बसली होती. ती एकदम म्हणाली, "आई, माझा छोटा चमचा कुठाय?"

"कुठला गं राजा, पिवळा?" चैत्रालीने चटकन विचारलं.

पण मायराची पाठ फोनकडे होती. ती स्वातीताईला विचारत होती. ताईने चमचा दिला आणि मग तिच्या लक्षात आलं. ती घाईने फोनजवळ येऊन म्हणाली, "अगं, कस्तुरी दिवसभर आई आई करते ना, तिचं ऐकून हीपण म्हणते. मनावर नको घेऊस."

"छे छे, त्यात काय," चैत्राली हसली. फोन बंद झाला. मग तिने माझी मूठ अशी आवळली की तिचं रबर करकरलं. ती कुठलंसं दुःख गिळत होती आणि ते दुःख माझ्या चांगलं ओळखीचं होतं. निळी बाबागाडी मला आठवली.

दुसऱ्या दिवशी तिने ताईला एकटीला फोन केला.

"ताई, एक सांगू? राग मानू नका."

"बोल की."

"मायराला तुमच्या खोलीत झोपवू नका. यतीनजवळ झोपू दे. आणि तिने आई म्हणून हाक मारली ना, तर ओ देऊ नका."

पलीकडे ताई स्वयंपाकघरात होती. कुकरची शिट्टी झाली.

"बरं," ताई म्हणाली. "तू तुझ्या प्रेझेंटेशनकडे बघ. इकडची काळजी नको."

मी मनातल्या मनात म्हटलं, शाब्बास! आपलं माणूस असंच राखायला हवं. त्या क्षणी माझ्या हँडलवरून तो फोनही जावा, एवढीच माझी इच्छा होती.

पुढचे चार दिवस ताई फोनवर दिसली नाही. मायरा मात्र पळून जाईना. गप्प बसून राही. चैत्रालीला वाटलं, लेकीला आपली आठवण येते आहे. तिला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. मी त्या फोनच्या अगदी शेजारी होते. मायरा बोलताना सारखी दाराकडे बघत होती, हे मी पाहिलं होतं. पण मला त्या काचेतल्या कुणाचंच काही पडलं नव्हतं.

शुक्रवारी प्रेझेंटेशन होतं. ते आटोपून ती पावसातून घरी निघाली. रस्त्यातला एक खड्डा पाण्याने भरला होता, तो तिला दिसला नाही. माझं पुढचं चाक आत गेलं, होल्डरची पकड सुटली आणि फोन उडून फुटपाथच्या कडेवर आपटला. काच तडकली, उजेड गेला. चैत्रालीने पन्नासदा बटण दाबलं.

सायकल आपण होऊन वळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. त्या खड्ड्यात मी मुद्दाम गेले नाही. पण मला आनंद झाला. इतका, की पाऊस अंगावर घेतानाही मला गार वाटेना. आता ती माझ्याकडे बघेल असं वाटलं. ती काही बघेना. मला कुलूप लावायचं विसरली, दिवा चालूच ठेवला आणि ओल्या अंगाने आत निघून गेली.

शनिवारी सकाळी ती मला घेऊन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात निघाली होती. मार्ताने खाली येऊन स्वतःचा फोन पुढे केला. "आधी घरी बोल," ती म्हणाली. चैत्रालीला नंबर पाठ एकच होता, यतीनचा. फोन कस्तुरीने उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"कस्तुरी, मी काकू. काका कुठाय?"

"काका खाली गाडी धुतोय. काकू, हा कसला नंबर आहे?"

"मैत्रिणीचा. मायरा काय करते?"

"ती ना..." कस्तुरी थांबली. "तुला सांगायचं नाही म्हणालेत. तुझं प्रेझेंटेशन आहे म्हणून."

"ते झालं काल. सांग मला."

"तिला ताप आलाय. औषध दिलंय, जास्त नाहीये. पण ती जेवत नाही. आणि रात्री उठून आमच्या दाराशी येऊन बसते. काका उचलून नेतो, ती परत येते. आई आई करते. आणि माझी आई आतमध्ये रडते, पण ओ देत नाही. तूच सांगितलंस ना काकू, ओ द्यायची नाही?"

चैत्रालीचा हात माझ्या सीटवर होता. तो काढून तिने फोन दोन्ही हातांनी धरला. मार्ताला भाषा कळत नव्हती, तरी ती जवळ येऊन उभी राहिली.

"कस्तुरी, आईला दे. पळ."

ताई आली. "अगं, ही काहीही सांगते. कसं झालं तुझं प्रेझेंटेशन?"

"ताई, मायराला मांडीवर घ्या."

"काय?"

"आत्ता घ्या. मी इथेच आहे. माझं चुकलं, ताई. मला सहन होत नव्हतं. जळफळाट होत होता नुसता. इथे वर्गात बसायचे आणि तिकडे तुम्ही तिला थोपटताय एवढंच दिसायचं."

"माहीत होतं मला," ताई म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "तुझ्याजागी मी असते ना, तर विमान पकडून आले असते आणि वर भांडले असते. म्हणून तर गप्प बसले. आणि खरं सांगू? मलाही तुझा हेवा वाटायचा. सायकलवरून कॉलेजला जातेस, लायब्ररीत बसतेस. मला बी.कॉम.नंतर कुणी विचारलं का, पुढे शिकतेस का म्हणून?"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कधी बोलू? तुझी पोर दिवसभर पायात. थांब, घेते तिला."

खुडबुड ऐकू आली. मग मुसमुसणं. मग ते हळूहळू कमी झालं.

"आई," मायरा बारीक आवाजात म्हणाली.

"ओ," चैत्राली म्हणाली. "ओ," ताई म्हणाली. दोघी एकदमच. पलीकडून कस्तुरी खदखदून हसली, आणि डोळे पुसता पुसता चैत्रालीलाही हसू आलं.

"पाणी," मायराने सांगितलं. ते ताईने दिलं. चैत्राली इकडून ऐकत राहिली. त्या रात्री मायरा ताईच्या कुशीत झोपली, जेवून झोपली, हे दुसऱ्या दिवशी कळलं. डिसेंबर-जानेवारीत ती दोघींनाही आई म्हणत राहिली. चैत्राली पोचल्यावर विमानतळावर काय झालं ते मला ठाऊक नाही. सायकलीला विमानात घेत नाहीत.

पण जाण्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट मला ठाऊक आहे. नागपूरची निवेदिता नुकतीच आली होती, पुढच्या सेमिस्टरसाठी. चैत्राली तिला माझ्यापाशी घेऊन आली.

"तिसरा गिअर अडकतो, जोर नको लावूस. आणि पावसात बाहेर ठेवू नकोस हं हिला. सीट तुला खाली पडेल. वर करू का?"

"मी करते ना ताई," निवेदिता हसली. तिने सीट चार बोटं वर केली आणि एक चक्कर मारून आली. तिचा जोर वेगळा, वळायची पद्धत वेगळी. मला बरं वाटलं. आणि मित्रांनो, त्यामुळे माझी चैत्राली तसूभरही कमी झाली नाही. मी छपराखाली परत आले तेव्हा ती तिथे उभी होती. आमच्याकडे बघून तिने आधी ओठ चावला आणि मग म्हणाली, "छान चालवतेस."

एवढं सोपं होतं, आणि मला कळायला एक बाबागाडी, एक फोन आणि एका चार वर्षांच्या मुलीचा ताप लागला.

तेव्हा माझं एवढं ऐका. तुमचं माणूस दुसऱ्या कुणाच्या हातात सुखात असेल, तर ते हात झटकू नका. पोटात दुखत असेल तर तसं सांगून टाका, समोरच्याच्याही पोटात दुखत असण्याचा संभव आहे. आणि घरात एखादी सायकल भिंतीला टेकून उभी असेल, तर या रविवारी तिच्या साखळीला तेलाचे दोन थेंब द्या. ती आपण होऊन मागणार नाही.