बटाट्यांच्या पोत्यांमागचा मी

मी इंजिन बोलतोय. जरा जवळ या, आणि पायऱ्या उतरताना डोकं सांभाळा. मी इथे, बटाट्यांच्या पोत्यांमागे आहे. मोठ्याने बोलायची मला सोय नाही, कारण या जहाजावर मी आहे हे कोणाला सांगायचंच नाही.

माझी पहिली नोकरी एका मासेमारीच्या बोटीवर होती. तिथे माझा काय थाट होता! मी धडधडायला लागलो की धक्क्यावरची मांजरं शेपट्या ताठ करून उभी राहायची. पुढे ती बोट म्हातारी होऊन मोडीत निघाली आणि मी एका शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिलो. तिथून मला कप्तानाने उचललं.

हा कप्तान म्हणजे वेडा माणूस. खाडीच्या चिखलात रुतलेलं शंभरेक वर्षांचं तीन डोलकाठ्यांचं जहाज याला दिसलं आणि तो त्याच्या प्रेमातच पडला. आतले खेकडे हाकलले, फळ्या बदलल्या, शिडं शिवून घेतली. या सगळ्यात त्याचं डोकं मात्र पार उजाड झालं. जहाज झळझळीत उभं राहिल्यावर त्याने त्यावर सुट्टीच्या सफरी सुरू केल्या. त्याची थोरली बहीण स्वयंपाक सांभाळते. सगळे तिला ताई म्हणतात, आणि कप्तान तिला टरकून असतो.

आता माणसांची एक गंमत सांगतो. ही मंडळी घरी स्वतःचं ताट उचलत नाहीत, पण इथे पैसे भरून येतात आणि डेक घासतात. दोर ओढून तळहाताला फोड आला तर तो फोड एकमेकांना दाखवत फिरतात.

पहिल्याच सफरीला भरात येऊन कप्तान बोलून गेला, "आमचं जहाज फक्त वाऱ्यावर चालतं!" टाळ्या पडल्या. तेव्हापासून बिचारा त्यात अडकला. पण वारा काही त्याच्या घरचा नोकर नाही. तो पडला की कप्तान दोनदा खोकायचा. खोकला ऐकला की ताई "ओढा रे ओढा" असं गाणं टिपेच्या सुरात सुरू करायच्या, पाहुणे एक दोर जीव खाऊन ओढायला लागायचे, आणि त्या गोंधळात मला हळूच चालू केलं जायचं. त्या दोराचं दुसरं टोक कुठल्याच शिडाला बांधलेलं नाही. एका खुंट्याला गुंडाळलेलं आहे, झालं.

मागच्या महिन्यात एका पाहुण्याने नाक वर करून विचारलं, "कप्तान, हा वास कसला हो?"

"इतिहासाचा," कप्तान म्हणाला.

पण ते त्याच्या फार मनाला लागलं. दुपारी खाली येऊन तो माझ्यावर करवादला, "तुझ्यापायी मला खोटं बोलावं लागतं. ही सफर झाली की भंगारवाल्याला बोलावतो." मला किती वाईट वाटलं म्हणून सांगू! या माणसाला मी प्रत्येक बंदरात सुखरूप नेलं होतं.

म्हणजे ती माझी शेवटची सफर ठरणार होती. त्या दुपारपासून मला हातच लावायचा नाही अशी कप्तानाने शपथ घेतली होती. आणि परतीच्या दिवशी वारा पडला. शिडं वाळत घातलेल्या चादरींसारखी लोंबायला लागली. कप्तान बोट ओलं करून हवेत धरायचा, मान हलवायचा आणि दुसरं बोट ओलं करायचा. नवं लग्न झालेल्या जोडप्याचं पहिलं भांडण झालं, आणि करायला दुसरं काहीच नसल्यामुळे लगेच दुसरंही झालं.

पाहुण्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं. संध्याकाळपर्यंत किनारा गाठणं भागच होतं. दुपार कलली तशा बाई उठल्या आणि कप्तानासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"कप्तान, आता खोका बघू."

"म्हणजे?"

"तुम्ही खोकलात की ताई गातात, आणि ताई गायल्या की माझ्या कपातला चहा थरथरतो. पहिल्या दिवसापासून बघतेय मी."

कप्तानाचा चेहरा पडला. तेवढ्यात नवरदेव म्हणाला, "आम्हाला पण माहीत होतं. आमची खोली बरोबर इंजिनाच्या वर आहे." मग एकेक जण कबुली देत गेला. सगळ्यांनाच माहीत होतं!

"मग तो दोर कशाला ओढत होतात?" कप्तानाने रडवेल्या आवाजात विचारलं.

"तुम्ही एवढ्या हौसेने सांगत होतात," बाई म्हणाल्या. "कशाला मन मोडायचं तुमचं?"

ताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, मग माझा घसा कशाला फाडायला लावलास इतके दिवस?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा गाण्याशिवाय सुरू झालो. पोती बाजूला सारून सगळे मला बघायला खाली आले. मी असा धडधडलो, असा धडधडलो, की ताईंच्या फडताळातली भांडी नाचायला लागली. बाई उजेड असताना घरी पोचल्या. ऑपरेशनही नीट झालं.

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे भंगारवाला धक्क्यावर हजर झाला. "ते इंजिन कुठाय?" त्याने विचारलं. कप्तान शिडीवर आडवा उभा राहिला.

"इंजिन? कसलं इंजिन? शिडाचं जहाज आहे हे. फक्त वाऱ्यावर चालतं."

मला भरूनच आलं. ताईंना वाटलं तेल गळतंय, म्हणून त्यांनी माझ्याखाली एक जुनं पातेलं सरकवून ठेवलं.

तेव्हा, मंडळी, कधी आमच्या जहाजावर सुट्टीला आलात तर खाली येऊन मला जरूर भेटा. फक्त वर जाऊन कप्तानाकडे माझं कौतुक करू नका. तो लाजतो, आणि मग दिवसभर माझ्यावर उगाच ओरडत बसतो.