जमनामावशीचं लुगडं

माझा पाय मोडला तारापूरला, वीजकेंद्राच्या बांधकामाजवळच्या आमच्या वसाहतीत, नळावर घसरून. तिथून मला आणून टाकलं पालघरच्या दवाखान्यात. पाय वर टांगलेला, त्याला वजन लावलेलं, कुशीवर वळायचीही सोय नाही. आमचे हे, नागोराव, कामावरून सुटी मिळेल तेव्हाच यायचे. माहेर-सासर दोन्ही लांब अकोल्याकडे. दिवसभर छताकडे बघत पडायचं, दुसरं काय!

खोली दोघींची. शेजारच्या खाटेवर सातपाटीची येसूबाई होती, पोटाचं ऑपरेशन झालेली. तिच्याकडे मात्र अख्खं गाव लोटायचं. बहीण जमना, दीर महादू, सुना, जावा. बायका मासळी विकून परस्पर यायच्या, टोपल्या व्हरांड्यात ठेवायच्या आणि खाटेभोवती ठाण मांडायच्या. नर्सबाई ओरडून थकली. पहिल्याच दिवशी जमनामावशीनं मला विचारलं, "तुजं कोण नाय आलं?"

मी नुसती मान हलवली.

"मंग आमी हाय ना! आमच्यात आजाऱ्याला एकटं नाय ठेवत."

त्या दिवसापासून मी त्यांच्यातलीच झाले. कोणी माझी वेणी घातली, कोणी भात भरवला. इतकं बरं वाटलं मला, की रडूच आलं.

पण बुधी आया बादली आणि भांडं घेऊन आली की माझा जीव अर्धा व्हायचा. खोलीत पडदा नव्हता. ही माणसं उठून जायच्याऐवजी मदतीलाच धावायची, एकटं ठेवायचं नाही ना! एकजण पाय धरी, दुसरी कंबर उचले, आणि महादू खिडकीकडे तोंड करून मला पंख्यानं वारा घालत बोंबलाच्या भावावर बोलत राही. माणूस सज्जन, एकदाही वळून बघितलं नाही त्यानं. पण माझं पातळ कमरेवर आणि परका पुरुष हातभर अंतरावर! भांडं लागू नये म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. लघवीला आग व्हायला लागली, ताप चढला. पाणी का पीत नाही म्हणून डॉक्टर रागावले. त्यांना काय सांगणार? बोलले तर एवढी मायेची माणसं तुटणार, गप्प राहिले तर रोज लाज जाणार.

शेवटी एका दुपारी माझा तोल सुटला. "बाहेर व्हा सगळे! मी काय बाजारात मांडलेली मासळी आहे?"

मासळी विकणाऱ्यांना हे बोलले मी. तरी हाकललं ते चुकलं असं मला आजही वाटत नाही. शब्द दुसरे सापडायला हवे होते, एवढंच.

सगळे निमूट बाहेर गेले. येसूबाईनं भिंतीकडे तोंड फिरवलं. बुधीनं दार लोटलं, पाठीखाली हात घालून कोमट पाण्याचा फडका फिरवला, आणि कितीतरी दिवसांनी माझं अंग मला माझं वाटलं. नंतर मी तांब्याभर पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी जमनामावशी आपलं एक लुगडं घेऊन आली. खिडकीच्या गजापासून दाराच्या खिळ्यापर्यंत, दोन खाटांच्या मधोमध, तिनं ते घट्ट बांधलं. तोंडावर रागाचा मागमूस नाही. "आमाला कळलं नाय गो," ती म्हणाली. "आता कोण नाय येणार तुज्याकडं."

आणि खरंच कोणी आलं नाही. बुधी येवो न येवो, लुगडं दिवसभर तसंच. पलीकडे ती माणसं जेवत, हसत, भांडत. आवाजावरून मी एकेकाला ओळखायची. माझ्या केसांचा गुंता झाला. नागोराव आले तेव्हा खूश होऊन म्हणाले, "छान झालं, आडोसा झाला तुला." त्यांच्यावर मी उगाचच खेकसले.

एका दुपारी बुधी आपलं काम आटोपून गेली. पलीकडे महादूनं काहीतरी सांगितलं आणि सगळी पोट धरून हसायला लागली. मला राहवेना. मी हाक मारली, "मावशी, ते लुगडं जरा बाजूला करता का?"

हसणं थांबलं.

"असू दे गो," जमनामावशी अगदी मायेनं म्हणाली. "बिनघोर पड तू. आमी कोण नाय बघत तुला."