डावा स्पीकर

“दूध फाटनं,” दीपमाला दारातून मोठ्यानं म्हणाली.

हेमकांतनं मान वळवली नाही. खुर्चीत पाय पसरून, डोळे मिटून तो समोरच्या दोन अवाढव्य स्पीकरांकडे तोंड करून बसला होता आणि ढोलाच्या ठेक्यावर मांडीवर बोटं वाजवत होता. शेजारच्या स्टुलावर बसलेले नवनीतभाई गाणं कमी ऐकत होते आणि हेमकांतचा चेहरा जास्त वाचत होते, तपासणाऱ्या डॉक्टरचा वाचावा तसा.

“अहो, दूध फाटनं सांगी ऱ्हायनू ना!”

“मंग कोरा चहा कर,” हेमकांत डोळे न उघडता म्हणाला. मग नवनीतभाईंकडे वळून हसला. “एकदम परफेक्ट. दोन्ही सारखे.”

दीपमाला जागच्या जागी थिजली. आत गॅसवर दूध चांगलं उकळत होतं. ते कधीच फाटलं नव्हतं. सहा वर्षांत जितक्या वेळा तिनं ‘दूध फाटनं’ म्हटलं होतं, तितक्या वेळा त्या खोलीत कुठल्या ना कुठल्या स्पीकरमध्ये खोट होती. ‘चहा ठेवू का?’ म्हटलं की काम चोख, ‘दूध फाटनं’ म्हटलं की खोट. ही खूण हेमकांतनंच ठरवली होती. शहाद्यात आणि आसपासच्या चार तालुक्यांत त्याच्या कानांचं नाव होतं, आणि ते कान गेले होते.

एकदम गेले नव्हते. खालचे, जाड आवाज त्याला अजून येत. बारीक ते सगळे गेले होते. तीस वर्षं पत्र्याच्या खोलीत डीजेवाल्यांचे जळके स्पीकर दुरुस्त करून, पूर्ण आवाजात वाजवून बघायचे, तेही खोलीचं दार लावून. आधी चिमण्या गेल्या. मग कुकरची शिट्टी गेली. नंदुरबारच्या डॉक्टरनं कानाला मशीन लावायला सांगितलं, तेव्हा परतीच्या एसटीत हेमकांत म्हणाला होता, “कोनले सांगू नको.” तिनं नाही सांगितलं. हळूहळू तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळणं तिच्याकडे आलं, स्पीकरच्या तोंडाचा कागदी कोन चिकटवणं आलं, शेवटची पारखही आली. फक्त खुर्ची त्याच्याकडे राहिली.

हे दोन स्पीकर साधे नव्हते. नवनीतभाईंचे वडील रतिलालशेठ मूळचे नवापूरचे. सुरतेत त्यांचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ होता. मुंबईतला एक मोठा स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांनी तिथून हे विलायती स्पीकर आणले आणि पुढं तीस वर्षं प्रत्येक गाणं त्यांच्यावर ऐकूनच पास केलं. शेठ गेले, स्टुडिओ गेला, आणि स्पीकर नवापूरच्या पोल्ट्री शेडमागच्या कोठीत जाऊन पडले. शहाद्याला आले तेव्हा चार माणसांनी उचलून आत ठेवले होते. कडेचा फोम हात लावला की पावडर होत होता, कोन उंदरांनी खाल्ले होते, लाकडाला कोंबड्यांचा वास होता. नवनीतभाईंनी कुठून कुठून शोधून त्याच काळातली कॉइलची तार आणि नवे कोरे कोन पैदा केले. दोनच. तिसरा आता जगात मिळायचा नव्हता.

उजवा दीपमालानं केला. अकरा दिवस लागले. डाव्याची वेळ आली तेव्हा हेमकांत म्हणाला, “डावा मी करसू. तू हात लावू नको.”

तिला वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. त्याचे हात अजून पक्के होते. पण कॉइल लोहचुंबकाच्या फटीत बसवताना चहूबाजूंनी फिल्मच्या पट्ट्या घालाव्या लागतात. कॉइल मधोमध राहावी आणि चिकटवायचं सोल्युशन सुकेपर्यंत हलू नये, म्हणून. हलली की ती चुंबकाला घासते. एक दिवस एक रात्र त्या काढायच्या नसतात. हेमकांतनं त्या संध्याकाळीच ओढून काढल्या. सकाळी नवनीतभाई येणार होते. “सुकनं ते,” तो म्हणाला होता. तिनं दोनदा सांगितलं, नाही सुकलं. त्यानं पट्ट्या कचऱ्यात टाकल्या.

आता त्या खोलीत टेपवर नर्मदाकाठच्या मणिबेलीच्या बाया गात होत्या. गाव धरणाच्या पाण्याखाली जायच्या आधी रतिलालशेठ रेकॉर्डिंगचं मशीन घेऊन होडीनं तिथं गेले होते. पस्तीस वर्षांपूर्वीची ती टेप नवनीतभाईंनी मुद्दाम आणली होती. सात-आठ बायांचा एकमेकींत गुंफलेला आवाज, मागं ढोल. आणि ढोलाच्या प्रत्येक थापेसरशी डाव्या स्पीकरमधून कोऱ्या कागदावर नख ओढल्यासारखी बारीक खरखर.

“डाव्या बाजूला जरा काही येतंय का?” नवनीतभाईंनी अंदाज घेत विचारलं. “का मला उगीच वाटतंय?”

हेमकांतनं पळभर डोळे उघडले. दाराकडे पाहिलंच नाही.

“टेपची खरखर आहे ती,” तो म्हणाला. “एवढी जुनी टेप. आता स्पीकर चांगला झाला ना, म्हणून ऐकू येते.”

“असं होय?” नवनीतभाईंचा चेहरा उजळला. “मग टेपच साफ करून घेतो. सुरतेत एकजण आहे, कॉम्प्युटरवर सगळी खरखर पुसून देतो.”

दीपमालाला पुढचं सगळं दिसलं. म्हणजे आता त्या बायांना घासूनपुसून काढणार. कुणाचा श्वास जाईल, कुणाच्या हातातल्या कड्यांची किणकिण जाईल, ढोलाचं कातडं जाईल, आणि खरखर तशीच राहील. कारण खरखर त्यांच्यात नव्हतीच. नवरा खोटं बोलतो याची तिला सवय होती. त्या खोट्यात ती सहा वर्षं भागीदार होती. पण आज त्यानं आपली चूक ज्यांच्या गळ्यात घातली होती, त्यांचं गाव बुडालेलं होतं आणि त्या बोलायला येणार नव्हत्या.

ती आत आली.

“टेप नही,” ती म्हणाली. “डावा स्पीकर घासस.”

“तू आत जाय,” हेमकांत म्हणाला.

“नही जावाव.”

ती सरळ स्पीकरांमागं गेली. डाव्याची तार उजव्याला लावली, उजव्याची डाव्याला, आणि टेप मागं घेऊन पुन्हा सुरू केली. खोट टेपमध्ये असती तर बाजू बदलून गेली असती. ढोल वाजला. खरखर होती तिथंच होती, डाव्या पेटीत. नवनीतभाई स्टुलावरून उठले, डाव्या स्पीकरला कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हेमकांतभाई, ही तर स्पष्ट ऐकू येते.”

“कोठे?” हेमकांत ओरडला. “माले ते काहीच ऐकू नही ऱ्हायनं!”

बोलून गेला, आणि मग त्यालाच ते समजलं. टेप तशीच चालू होती. कुणीच ती बंद केली नाही.

नवनीतभाई सभ्य माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. “हे तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं,” एवढंच म्हणाले, आणि खिशातून फोन काढला. “टेम्पो बोलावतो. मुंबईला एक जण करतो हे काम.”

“आणि उजवा?” दीपमालानं विचारलं. “उजवा कसा वाटला?”

“उजवा उत्तम आहे. एक नंबर.”

“तो मी केलाय.”

नवनीतभाई हसले. समजूतदारपणानं हसले, आणि तेच वाईट झालं. “हो भाभी, तुम्ही पुष्कळ मदत करता त्यांना. मला ठाऊक आहे.”

“मदत?” तिचा आवाज असा निघाला की तिलाच तो परका वाटला. “कॉइल मी गुंडाळली. कोन मी बसवला. अकरा दिवस ह्या जमिनीवर बसून केलंय. सहा वर्षांत ह्या घरातून जो स्पीकर गेला तो माझ्या हातचा गेला, आणि चहा देऊन मी आत गेले. मदत नका म्हणू. डावा पण मीच करणार. रविवारी या. घासला तर दोन्ही घेऊन जा मुंबईला.”

नवनीतभाईंनी हेमकांतकडे पाहिलं. हेमकांत भिंतीकडे बघत होता.

“रविवारी,” नवनीतभाई म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

त्यांची गाडी वळली न वळली तोच हेमकांत उठला. “परक्या मानूससमोर मन्ही इज्जत काढी तू!”

“तुम्हीच काढी. कान गयात त्यानी लाज नही वाटत माले. टेपवर ढकलं, त्यानी वाटस.”

“धंदा बसी जाई. कानमा मशीन घालेल मिस्तरीकडे कोन येई?”

“आते कोनकडे येतस? मन्हा कानकडे येतस लोके. सहा वरीस.”

“मी शिकाडं तुले!”

“हा, तुम्हीच शिकाडं,” ती म्हणाली. “घासस तो घासस म्हनानं, हाई बी तुम्हीच शिकाडं.”

तो बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसला आणि दुपारी जेवायला उठला नाही. तिनंही हाक मारली नाही. ताट झाकून ठेवलं आणि झाकण असं आपटलं की ते शेजारी ऐकू गेलं असेल. त्याला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

स्पीकरला तिनं लगेच हात लावला नाही. राग हातात होता, आणि रागाच्या हातानं केसाएवढ्या तारेची कॉइल सोडवायला गेलं की ती वाकतेच. तिनं सगळी खोली धुऊन काढली. जुन्या वायरींचा डोंगर लावला, खिळे निवडले. राग उतरला तेव्हा दुसऱ्या दिवशीची सकाळ झाली होती.

मग ती बसली. थिनरचा थेंब थेंब कापसानं कडेला लावत राहिली. चिकटलेलं मऊ झालं. कोन एका बाजूनं सुटला, मग दुसऱ्या. श्वास धरून तिनं कॉइल वर घेतली. एका जागी तांब्यावरचं लाखेचं पाणी घासून गेलं होतं. अजून महिनाभर वाजली असती तर जळाली असती. तिनं तिथं बारीक कुंचल्यानं वार्निश लावलं. जुन्या एक्सरेच्या पट्ट्या कापल्या. चहूबाजूंनी घातल्या. आता कोन एकाच वेळी चारही कडांना दाबून धरायचा होता, आणि दोन हातांनी ते होण्यासारखं नव्हतं. उजव्याच्या वेळी हेमकांतनं धरला होता.

तिनं बोलावलं नाही. सोल्युशन लावलं आणि तशीच बसून राहिली. ते आता फार तर दोन-तीन मिनिटं ओलं राहिलं असतं.

तो ओट्यावरून उठला. समोर येऊन बसला, दोन्ही पंजे पसरून कोन धरला. त्याची बोटं दगडासारखी स्थिर होती. दोघांची डोकी एकमेकांना लागतील इतकी जवळ होती. सोल्युशन धरल्यावर तो उठून पुन्हा ओट्यावर गेला. तिनं खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली.

रविवारी नवनीतभाई आले. टेप लावली. सवयीनं त्यांनी खुर्ची ओढून हेमकांतपुढं केली. “बसा हेमकांतभाई.”

हेमकांत रस्त्याकडच्या शटरजवळ उभा होता. अंगावर धुतलेला शर्ट. त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग खाली.

“तिला बसू द्या,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”

दीपमाला पदराला हात पुसत पुढं आली आणि बसली. सहा वर्षं तिनं ह्या खुर्चीचा विचार केला होता. बसल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण आला तो संतापच. एवढं एक वाक्य. बोलायला किती वेळ लागला ह्याला? एसटीतच बोलला असता तर?

ढोल वाजला. बाया गायला लागल्या. भाषा तिला कळत नव्हती, पण कुणीतरी मधेच हसली आणि पुन्हा सुरात मिसळली, हे कळलं. थापेवर थाप पडली. खरखर नव्हती. नवनीतभाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिनं घाई केली नाही. गाणं संपेपर्यंत त्यांना थांबायला लावलं.

“चोख आहे,” मग ती म्हणाली.

“भाभी, सुरतेच्या घरी अजून एक जोडी आहे. लहान आहे. पाठवू का?”

“पाठवा.”

त्यांनी पुढचं गाणं लावलं. हेमकांत शटर ओलांडून खाली रस्त्यावर उतरला आणि खोलीकडे पाठ करून उभा राहिला. मागून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. बायांच्या गाण्यातूनही दीपमालाला ती घंटी ऐकू येत होती. एकदा वाजली, दोनदा वाजली, मग अगदी जवळ येऊन कितीतरी वेळ वाजत राहिली. हेमकांत हलला नाही. सायकलवाल्यानं शेवटी पाय टेकले, सायकल बाजूला घेतली आणि त्याला वळसा घालून पुढं गेला.